बसस्टँडवर राहिलेला ख्वान

१७ एप्रिल १९९७, गुरुवार. मुलांच्या वॉर्डातल्या ठेवींच्या वहीत त्या तारखेला एकच नोंद आहे. रोख वीस बाहत, नोट एक, पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेली, दोरा कापलेला. खाट क्रमांक अकरा, सोम, वय वर्षे नऊ. खाली सही लमदुआनची.

लमदुआन तेव्हा तेहेतीस वर्षांची होती आणि त्या सरकारी इस्पितळात तिची दहा वर्षं झाली होती. तिच्या हाताला गुण होता. लहान मुलाची नस पहिल्याच टोचणीत सापडणार, याबद्दल डॉक्टरही पैज लावत. कामात उरक होता, वही स्वच्छ होती, आणि वॉर्डात कुणाचं रडणं दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू द्यायचं नाही असा तिचा खाक्या होता.

सोम थॅलेसेमियाची. दर महिन्याला रक्त चढवायला आजीबरोबर यायची. त्या वेळी सोंक्रानचा, थाई नववर्षाचा, सण नुकताच सरला होता आणि पोरीला ताप भरला होता, म्हणून तिला ठेवून घेतलं. डाव्या हाताच्या शिरा वापरून वापरून आत बसलेल्या. उजव्या मनगटावर एक चांगली शीर दिसत होती, पण तिच्यावरच दोरा होता आणि दोऱ्यात वीसची नोट सुरळी करून बांधलेली होती. लमदुआननं पट्टी कापायची कात्री उचलली, दोरा कापला, स्पिरिट लावलं, सुई घातली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. सोम रडली नाही. लमदुआनला वाटलं, शहाणी पोर आहे.

मनगटावरचा दोरा म्हणजे काय, हे लमदुआनला शिकवायची गरज नव्हती. ती इसानचीच, थायलंडच्या त्याच ईशान्य भागातली. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, जिवाचे बत्तीस तुकडे म्हणा. भ्यालं, दुखावलं, ताटातूट झाली की त्यातला एखादा उडून जातो आणि मागे राहिलेलं माणूस नुसतं बसून राहतं. म्हणून बोलावून, समजावून, दोऱ्यानं बांधून ठेवायचं. ती स्वतः नर्सिंगच्या शाळेत निघाली तेव्हा तिच्या आईनंही तिला दोरा बांधला होता. शाळेतल्या बाईंनी तो काढायला लावला. तिनं वसतिगृहाच्या जिन्यात बसून गाठ सोडली होती. सोडली होती, कापली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सोमनं भिंतीकडे तोंड केलं. बोलणं बंद, खाणंही बंद. आजीला घरच्या धाकट्या नातवासाठी गावी परत जावं लागलं होतं, त्यामुळे खाटेशेजारी कुणी नव्हतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणाले, "आता हिला काही झालेलं नाही. मग खात का नाही?" मुलांच्या मनाचे डॉक्टर मोठ्या शहरातून महिन्याच्या पहिल्या बुधवारी येत. त्याला अजून अडीच आठवडे होते, आणि मुळातच बावीस किलोच्या पोरीचं वजन चार दिवसांत दीड किलोनं उतरलं होतं. नाकातून नळी घालायची भाषा सुरू झाली.

लमदुआननं नारळाच्या दुधातली मिठाई आणली, बाहुली आणली, गोष्ट सांगितली. सोम डोळे मिटून घ्यायची. आपण हात पुढे केला की पोर तो दोऱ्याचा हात पाठीमागे नेते, हे लमदुआनला चौथ्या दिवशी दिसलं. आणि मग दिसायचं थांबेना.

पाचव्या दिवशी आजी आली. केळीच्या पानात चिकट भात, कनवटीला सुपारी. नातीचं मनगट पाहून ती जागीच थांबली.

"दोरा कुणी कापला?"

"मी कापला, आजी," लमदुआन म्हणाली. "सुई लावायची होती."

"गाव कुठलं गं तुझं?"

लमदुआननं गावाचं नाव सांगितलं. नदीपलीकडचंच.

"म्हणजे आपल्यातलीच की! बँकॉकची असतीस तर म्हटलं असतं, बिचारीला ठाऊक नाही. कात्री चालवायला एवढं शिकावं लागतं होय?"

शेजारच्या खाटेवरच्या बाया तोंडावर हात ठेवून हसल्या.

"चुकले," लमदुआन म्हणाली. "काय करू ते सांगा."

"काय करायचं! भ्याली तिथून ख्वान उचलून आणायचा. उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आली ती हातात मासे उपसायचं काठीचं जाळं घेऊन. दुसऱ्या हातात ख्वानला भुलवायला उकडलेलं अंडं आणि भात. मेट्रन बुप्पा दारातच आडव्या आल्या.

"आजी, हे इस्पितळ आहे. तळं नाही."

"ते दिसतंय की. तळ्यात निदान मासे तरी मिळतात. इथं काय मिळतं? सुया."

मेट्रननी लमदुआनकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

"पोरगी पाच दिवस जेवली नाही, बाई. माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

"दहा मिनिटं," मेट्रन म्हणाल्या. "आणि ते अंडं इथल्या कशाला लागू देऊ नका."

सुया लावायच्या खोलीत आजीनं जाळं हवेतून फिरवलं. टेबलाखाली, कपाटामागे, कचऱ्याच्या डब्यापाशी. "ये गं बाई, ये. रानात राहू नकोस, पाण्यात राहू नकोस. भात निवतोय, अंथरूण घातलंय, ये." मग जाळं लमदुआनच्या हातात देऊन म्हणाली, "तू घालवलास, तूच हाक मार." लमदुआनला दहा वर्षांत ते शब्द तोंडात घ्यावे लागले नव्हते. पहिली हाक पुटपुटल्यासारखी निघाली. दुसरी बाहेर आली तेव्हा ती थेट तिच्या आईच्या आवाजात आली आणि तिचं तिलाच चपापायला झालं.

जाळं अलगद धरून दोघी खाटेपाशी आल्या. सोमच्या मांडीवर ते उपडं करणार, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"तिथं नाहीये तो."

आजीनं जाळं खाली घेतलं.

"तुम्ही उगाच तिकडे शोधताय," सोम म्हणाली. पाच दिवसांच्या मुकेपणानं आवाज खरखरीत झाला होता.

लमदुआन खाटेच्या कडेला टेकली. "मग कुठे आहे?"

"बसस्टँडवर. नऊ नंबरला."

हळूहळू सगळं निघालं. सोमची आई बँकॉकजवळ कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती. वर्षातून एकदा सोंक्रानला यायची, चार दिवसांसाठी. सोळा तारखेला परत निघताना बसनं भोंगा दिला तेव्हा तिनं घाईघाईनं फलाटावरच दोरा बांधला, आणि पर्समध्ये होती ती नोट त्यात गुंडाळली.

"दोरा होता तोवर तो माझ्यापाशी होता," सोम म्हणाली. "तुम्ही कापलात तेव्हा तो आईच्या मागे पळाला. पण बस तर कालच गेली होती. आता तो तिथंच बसलाय."

लमदुआननं मेट्रनकडे जाऊन दोन तासांची परवानगी मागितली.

"कारण काय लिहू?" मेट्रननी पेन उघडलं.

"रुग्णाच्या हरवलेल्या सामानाचा शोध."

मेट्रननी चष्म्यावरून पाहिलं आणि तेच लिहिलं.

तीनचाकीतून तिघी आणि एक जाळं बसस्टँडवर उतरल्या. कंडक्टरांना आयतीच करमणूक झाली. "आजी, नदी तिकडे! इथं फक्त पाकीटमार गळाला लागतात!" आजीनं सुपारी थुंकली. "तुझ्या गाडीपेक्षा माझं जाळं वेळेवर पोचलं बघ." फलाट नऊ रिकामा होता. सोमनं खांब दाखवला. आजी जाळं पुढे करणार, तर सोम म्हणाली, "मी धरते."

तिनं खांबाभोवती एकदा जाळं फिरवलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण ख्वानला नाही. "आई," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आई!" आणि मग ती जी रडायला लागली ती वीस मिनिटं. पांढऱ्या गणवेशातली लमदुआन फलाटावर गुडघे टेकून बसली होती. तोंडात सवयीचं वाक्य आलं होतं, रडायचं नाही, शहाणी ना तू. ते तिनं गिळलं. फक्त जाळ्याची काठी दुसऱ्या बाजूनं धरून ठेवली.

रडून झाल्यावर सोमनं नाक पुसलं आणि अंडं मागितलं. अख्खं खाल्लं. भातही खाल्ला.

परतताना लमदुआननं नोट आणि दोरा ठेवलेला लिफाफा काढला. "हे घे. तुझं आहे."

सोमनं विचार केला. "आता नको. आईनं बांधलं होतं, आईच बांधेल. पुढच्या सोंक्रानला. तोवर तुम्ही ठेवा. पण खर्चायचे नाहीत."

"नाही खर्चणार."

"शपथ?"

"वहीत लिहिलंय."

सोमला ते शपथेपेक्षा बरं वाटलं.

त्याच वर्षी बाहत कोसळला, कारखाने बंद पडले, आणि सोमची आई आणखी लांब, रायोंगच्या किनाऱ्यावर मासळी साफ करायच्या कामाला गेली. पुढच्या सोंक्रानला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. सोम मात्र दर महिन्याला यायची, सुई लागायच्या आधी विचारायची, "आहे ना?" लमदुआन म्हणायची, "आहे." मग ती हात पुढे करायची. अकराव्या वर्षी असंच, तेराव्या वर्षी जरा लाजत, पंधराव्या वर्षी थट्टेनं, "व्याज किती झालं, ताई?"

फेब्रुवारी २००३ मध्ये लमदुआनची आई गेली. लमदुआन बारा दिवसांच्या रजेवर होती. परत आली तेव्हा अकरा नंबरच्या खाटेवर दुसरंच पोर होतं. सोमची आजीही त्याच पंधरवड्यात वारली होती, आणि आईनं लेकीला रायोंगला बोलावून घेतलं होतं. उपचार तिकडच्या इस्पितळात हलवल्याच्या पत्राची प्रत फाइलला होती. ठेवींच्या वहीत त्या जुन्या नोंदीसमोर समासात सोमच्या अक्षरात निळ्या पेनानं लिहिलेलं होतं: "आई आणि मी दोघी येऊ."

लमदुआननं त्यानंतर एकही दोरा कापला नाही. गाठ सोडावी लागलीच तर आधी विचारायची, आणि सोडलेला दोरा त्याच मुलाच्या उशाला बांधायची. भरतीच्या कागदावर वजन, उंची, तापमान यांच्या खाली ती हातानं एक ओळ लिहायची: "ख्वान सध्या कुठे आहे?" मुलं सांगायची. चिंचेखाली, वासराजवळ, बाबांच्या मोटारसायकलवर. लमदुआन मग वासराचा फोटो मागवायची, शाळेला पत्र लिहायची, तुरुंगातल्या एका बापाशी फोन जोडून द्यायची. मोठी मुलं आधी टिंगल करत. मांडी मोडून आलेला एक पंधरा वर्षांचा उद्धट मुलगा म्हणाला, "माझा? सातवीत राहिला." ती हसली नाही. "कुठल्या महिन्यात?" तिनं विचारलं. तो तासभर बोलत होता.

दर वर्षी सोळा एप्रिलला ती संध्याकाळची पाळी कुणाशी तरी बदलून घ्यायची आणि घरी जाताना नऊ नंबरच्या फलाटावरून जायची. तिनं लग्न केलं, नवरा गेला, मुलगा बँकॉकला नोकरीला लागला. फलाट चुकला नाही. रायोंगच्या इस्पितळालाही तिनं दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा उत्तर आलं: सदर रुग्ण २०११ नंतर आलेली नाही, पत्ता उपलब्ध नाही. आलेली नाही याचे अर्थ दोन होतात. लमदुआननं त्यातला एकच धरला आणि पत्र फाइलला लावलं.

३० सप्टेंबर २०२४ ला ती निवृत्त झाली. सकाळी तिनं ठेवींचं कपाट आणि वही वॉर्डाच्या नव्या प्रमुख निपाच्या ताब्यात दिली. निपा भराभर सह्या करत त्या एका ओळीवर थांबली.

"ताई, सत्तावीस वर्षांची वीस बाहत? विहाराच्या पेटीत टाकून द्या ना. पुण्य तरी लागेल."

"कुणाच्या पैशानं कुणाचं पुण्य?"

"मग मी माझ्या पाकिटातून भरते, नोंद मिटवून टाकू. तुमचं शेवटचं पान स्वच्छ राहील."

"ज्याची ठेव त्याच्या हातात पडल्याशिवाय नोंद मिटत नाही. हा माझा फोन नंबर, समासात लिहून ठेव. तिनं लिहिलंय, दोघी येऊ."

"आणि नाही आल्या तर?"

लमदुआननं लिफाफा जागेवर ठेवला, कपाट बंद केलं आणि किल्ली दिली. "भरतीच्या कागदावरची ती ओळ तेवढी बंद करू नकोस," ती म्हणाली.

दुपारी वॉर्डात तिचा स्वतःचा ख्वान बांधायचा समारंभ झाला. सलाईनच्या दांड्या ओढत मुलं रांगेत आली. कुणी घट्ट बांधलं, कुणाला गाठच येईना. कोपरापर्यंत दोऱ्यांनी भरलेले दोन्ही हात घेऊन ती बसस्टँडवर गेली. रायोंगची गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी लागली. सेहेचाळीस माणसं उतरली. छत्तीस वर्षांच्या बाईचा चेहरा कसा असेल ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती मनगटं पाहत राहिली. गाडी रिकामी झाली, धुवायला गेली, आणि लमदुआन सहाच्या गाडीनं घरी गेली.

वहीत नोंद उघडी आहे. खाट क्रमांक अकरा, सोम. वीस बाहत देणे बाकी.