एका बायकोची दोन नावं

धारगळच्या हमरस्त्यावर महादेवचा रस-आमलेटचा, म्हणजे रश्श्यात बुडवलेल्या आमलेटचा गाडा होता. हात सढळ, तोंड त्याहून सढळ. गिऱ्हाइकाचं कूळ-मूळ विचारल्याशिवाय पावाचा उंडा कापत नसे. आमची गट्टी जमली ती त्यामुळेच. गावच्या बातम्या मला फुकट, आमलेट तेवढं विकत.

गोवा राज्य होऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील. विम्याचा एजंट अजय गाड्यावर आला आणि आरोग्य विमा समजावू लागला. दरवर्षी हप्ता भरायचा. आजारी पडलात तर इस्पितळाचं बिल कंपनी भरणार, नाही पडलात तर हप्ता गेला.

"गेलो? खंय गेलो?" महादेवनं विचारलं.

"दुसरो कोण आजारी पडतलो, तेच्या बिलाक."

"म्हणजे मी धडधाकट, आणि शेजाऱ्याच्या पोटदुखीक पैसे माजे?"

"तुजा पोट दुखला तर शेजाऱ्याचे तुका."

हे मात्र त्याला पटलं. शेजाऱ्याचे पैसे म्हटल्यावर कोणाला पटत नाही?

अजयनं फॉर्म काढून बायकोचं नाव विचारलं. महादेवनं छाती फुगवून सांगितलं, "भाग्यलक्ष्मी." लग्नात तांदळावर अंगठीनं त्यानंच ते लिहिलं होतं. आमच्याकडे नवरीला नवं नाव देतात. माहेरची देवकी त्या दिवशी पुसली गेली असं आम्ही धरून चालतो. सरकार तसं धरत नाही. मतदार कार्ड काढताना तिनं शाळेचा दाखला दाखवला होता, म्हणून तिथे ती देवकीच राहिली.

विम्याच्या तिसऱ्या वर्षी तिच्या पित्ताशयात खडे निघाले, ताप चढला. दोन दिवसांत ऑपरेशन हवं, असं डॉक्टर म्हणाले. म्हापशाच्या एका खाजगी इस्पितळात मीही सोबत गेलो. इस्पितळ कंपनीच्या यादीत होतं, हप्ते भरलेले होते. खिडकीमागच्या मुलीनं विम्याचं कार्ड आणि मतदार कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

"भाग्यलक्ष्मी कोण?"

"माजी बायल."

"आणि देवकी?"

"तीच."

"काका, पेशंटचं नाव पॉलिसीत नसलं तर कंपनी मंजुरी देत नाही."

"अख्खो धारगळ सांगतलो तुका."

"धारगळ पॉलिसीत नाही, काका."

अजयला फोन केला. तो म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करा, मग नावाची दुरुस्ती, पंधरा दिवस तरी जातील. नाहीतर बिल आधी तुम्ही भरा, मागून कंपनीकडे मागा. पण भरायला महादेवकडे काही नव्हतं, आणि मागून मागतानाही नावं दोनच राहणार होती. मी त्यांच्या लग्नात जेवलेला साक्षीदार. माझी साक्ष घ्यायला मात्र कुठली खिडकी नव्हती.

बाकावर पोट दाबून बसलेली ती म्हणाली, "आता बरी कोणाक करतले? माका का तिका?"

कोणी हसलं नाही. महादेवनं दोन्ही कार्डं खिशात घातली.

संध्याकाळी तिला सरकारी इस्पितळात नेलं. कारकुनानं केसपेपरवर लिहिलं, देवकी ऊर्फ भाग्यलक्ष्मी.

"ऊर्फ चोरांक आसता," महादेव पुटपुटला.

खाट रिकामी नव्हती, जमिनीवर गादी घातली. ऑपरेशनच्या यादीत तिचा नंबर सोमवारचा, आणि तो शुक्रवार होता. सलाइनला स्टँडही उरला नव्हता, म्हणून बाटली धरून महादेव उभा राहिला.

"सोमवारपर्यंत तिका काय जावचा नाय मा रे?" त्यानं मला विचारलं.

मी नर्सकडे पाहिलं. ती दुसऱ्या गादीकडे गेली होती. एक हात भरून आला की महादेव बाटली दुसऱ्या हातात घेई. तेवढंच त्याच्या हातात होतं.