डिपोटीसाहेबांना दाखवायची अवघड वाट

हसायचं असेल तर चहा निवायच्या आत हसून घ्या, कारण हे सांगताना माझे पाय अजून दुखतात. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तो अख्ख्या गावाकडून पाडून घेतला!

तेव्हा मी साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावी मास्तर होतो. राज्य इंग्रजांचं होतं, पण ते त्या गावापर्यंत पोचलं होतं की नाही, मला शंकाच आहे. पोचणार कसं? बैलगाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबायची आणि पुढे सगळी पायपीट. आधी शेतातली वाट, तीवर गुरं येऊ नयेत म्हणून बाभळीचे काटे आडवे टाकलेले. मग वाटेच्या बरोबर मधे बसलेला धोंडा. त्याला वळसा घालताना एक पाय दरीकडे. मग शेवाळलेला नाला. आणि शेवटी मुरमाची चढण. चार पावलं वर गेलात की तीन पावलं खाली!

आई सोनगीरला एकटी. गुडघे धरलेले, अंगणात उतरायचं तरी भिंतीचा आधार. तिला या वाटेने आणू कशी, पाठुंगळीला बांधून? ती तिकडे एकटी चूल फुंकत होती, मी इकडे एकटा चूल फुंकत होतो. कंटाळलो हो! म्हणून सोनगीरकडे बदली मागितली. वरून उत्तर आलं की वाट इतकी वाईट असेल असं वाटत नाही. मी म्हटलं, मग साहेबांनी एकदा स्वतः चालून बघावं.

आणि डिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे आमचे अधिकारी, चक्क यायला तयार झाले! एरवी ते पोरांनाच खालच्या गावी बोलावून परीक्षा उरकायचे.

इथवर सगळं ठीक होतं. पण पाटलांना सांगायला नको? आमचे पाटील आबा म्हणजे देवमाणूस. त्यांच्या घरचं ताक पिऊन मी दिवस काढलेले. त्यांना तोंडावर कसं सांगू, की आबा, मला तुमचं गाव सोडायचंय? जीभच रेटेना. म्हणालो, "आबा, साहेब गाव बघायला येताहेत. चालत येणार आहेत. जरा गावाची शान राहिली पाहिजे."

माझ्या मनात एक हार आणि एक नारळ, एवढंच होतं.

आबा म्हणाले, "मास्तर, तुम्हीन काळजी करू नका. साहेबना पायले काटा लागना ते मी पाटील कसाना!"

मला वाटलं, असते एकेकाची बोलायची पद्धत. साहेबांना आणायला मी आदल्या दिवशीच साक्रीला उतरलो.

सकाळी पायथ्याशी गाडी सोडली. साहेब अंगाने भारी, पायात करकरीत बूट. मी मनात म्हटलं, आता बघा मजा!

"साहेब, जपून हं. पुढे काटेच काटे आहेत."

काटे? औषधालासुद्धा नव्हता! वाट झाडून लख्ख केलेली, वर पाण्याचा सडा.

"कुठे आहेत?" साहेब म्हणाले.

"असतात हो... रोज असतात. पण पुढचा धोंडा बघा साहेब, फार भयंकर!"

धोंड्याच्या जागी सपाट जमीन, आणि बाजूला हात जोडून उभा असलेला एक शेतकरी.

"भाऊ, धोंडा कुठे गेला?" मी हळूच विचारलं.

"पहाटले बैल जुपीसन काढी टाका!" तो डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला. "बठ्ठं गाव लागनं व्हतं, मास्तर! तुम्हीनच ते सांगं ना आबाले!"

सगळं गाव राबलं हे ऐकून साहेब माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले.

नाल्यावर तर कळस झाला. गावातल्या घरांची दारं उचकटून आडवी टाकली होती. होय, दारं! कडीकोयंड्यासकट! साहेब त्यावरून नवरदेवासारखे पलीकडे गेले.

आता एकच उपाय उरला होता. आपणच पडायचं! पाय मोडला तरी चालेल, पण वाट वाईट ठरली पाहिजे. मी मुद्दाम कडेला पाय टाकला आणि अंग सोडून दिलं. पण पडू देतील तर ना! पाण्यात उभ्या असलेल्या दोघांनी मला वरच्या वर झेललं.

"पाय सांभाळा, मास्तर! आम्हीन शेतस ना!" आम्ही आहोत ना, म्हणे!

चढणीला पायऱ्या खोदलेल्या. मध्यावर बाज टाकलेली आणि एक अक्का गूळपाणी घेऊन उभी. साहेब बाजेवर टेकले, पाणी प्याले, म्हणाले, "मास्तर, धुळ्यात माझ्या घराकडे जाणारा रस्तासुद्धा इतका नीट नाही."

"साहेब, हे फक्त आजच असं आहे! लोकांनी घरची दारं काढलीत हो!"

"तेच म्हणतोय मी. मास्तराच्या एका शब्दावर गाव दारं काढून देतं! तुमची बदली मी करतोच."

माझा कानावर विश्वास बसेना. देव पावला म्हणायचा!

"पलीकडच्या खोऱ्यात आमची एक शाळा बंद पडलीय," साहेब म्हणाले. "तिथे कुणी मास्तर टिकत नाही."

"साहेब... तिकडची वाट कशी आहे?"

"वाट नाहीच! म्हणून तर तुम्हाला पाठवतोय."

मी तिथेच पायरीवर बसलो. आई डोळ्यांपुढे आली. पहाटेपासून माझ्यासाठी धोंडे उचलणारी ती माणसंही आता मला दुरावणार होती. मला रडूच कोसळलं. तेवढ्यात वरून आबा धावत आले, माझ्याकडे पाहिलं, आणि आनंदाने साहेबांना म्हणाले,

"साहेब, देखा! मास्तर खुशीमा रडी ऱ्हायनात!"

आणि मी, गाढवाने, मान डोलावली.