मेलिसाचं बारसं आणि पिंपळावरचे पाहुणे

आमच्या मुलीचं नाव मेलिसा आहे आणि त्याचा अर्थ मधमाशी, हे आता मी शांतपणे सांगू शकते. माझा वरचा ओठ जागेवर आला आहे.

माझं स्वतःचं नाव धैर्यशीला. माझ्या आत्यानं ठेवलं. (पाल दिसली की मी पलंगावर चढते आणि ती जाईपर्यंत तिथूनच संसार चालवते.) म्हणून दिवस राहिले तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरीचं नाव मी ठेवणार, अर्थ बघून! मोबाइलवर शोधता शोधता मेलिसा सापडलं. मूळचं ग्रीक. त्यांच्या पुराणात म्हणे या नावाची एक वनदेवी होती, तिनं थोरल्या देवाला तान्हेपणी मध चाटवून वाढवलं. माझ्या अंगावर काटाच आला! कुठे ग्रीस, कुठे आमचं बोरी अरब, आणि बाळाला मध चाटवायची रीत दोन्हीकडे तीच!

पण आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानात सांगेल तेच नाव, मग देवालाही ते फिरवता येत नाही. आणि बाळाची आत्या म्हणजे माझी नणंद, नेरच्या ताई. एका जागी दोन मिनिटं बसणार नाहीत, आणि बसल्याच तर तोंड थांबणार नाही.

"माशी?" ताई ओरडल्या. "पोरीचं नाव माशी ठेवते का वं कोणी?"

"मधमाशी, ताई!"

"अवं पण माशीच न! म्या वैष्णवी ठेवीन. माह्या तोंडून किड्याचं नाव निंघनार नाही."

मी रडले, जेवण सोडलं (दुपारचं), नवऱ्याला मध्ये घातलं. ताई हलल्या नाहीत. शेवटी मी बेत केला की बारशाच्या दिवशी माइकवरून नावाचा अर्थ असा सांगायचा, की चार लोकांत ताईंना नाही म्हणताच येऊ नये.

बारसं आमच्या वावरातल्या पिंपळाखाली होतं. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे भाजायचे म्हणजे गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, आणि पिंपळावर तर सुपाएवढं आग्या मोहोळ!

"जगरा तिकडं वावराच्या कडेले, धुऱ्यावर पेटवतो," नवरा म्हणाला. "मोहोळाले धूर लागला त पंचाईत होईन."

"इथंच पेटवा! फोटोत वर मोहोळ, खाली मेलिसा, मागे जगरा! तुम्हाला हौस म्हणून नाहीच!"

नवरा समजूतदार आहे. त्यानं मुकाट्यानं गोवऱ्या रचल्या.

रोडगे भाजून झाले, पाळणा सजला, ताई हिरवं लुगडं नेसून पाळण्याशी उभ्या राहिल्या आणि मी माइक घेतला. "मधमाशी हा फार समंजस जीव आहे," मी सांगत होते. "कारण नसताना ती कोणालाही..."

पहिली माझ्या ओठावर बसली! पुढचं भाषणही सगळ्या गावानं ऐकलं, पण त्यात शब्द नव्हते.

"पळा बापा! मोहोळ उठलं!"

मंडप रिकामा! बायका तुरीत घुसल्या. नवरा गोधडी घेऊन पाळण्याकडे धावला, तर निम्मं मोहोळ त्याच्याच मागे लागलं आणि तो गोधडीसकट नाल्यात! मी पाळण्याकडे झेपावले (खरंच झेपावले!), पदर खुर्चीत अडकला, आणि मी जगऱ्याशेजारच्या निवलेल्या राखेच्या ढिगात उताणी. तिथं धूर होता, म्हणून माश्या येईनात. "माही पोर!" मी ओरडले. तोंडात राख गेली.

धूर जरा बाजूला झाला आणि पाळणा दिसला. ताई त्याच्यावर ओणव्या झाल्या होत्या. पदर पाळण्यावरून ओढून घेतलेला. पाठीवर इतक्या माश्या, की लुगड्याचा हिरवा रंग दिसेना. आत्या कानात नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात ना, त्या सगळ्या पळाल्या होत्या आणि त्यांच्या जागी उरलेलं मोहोळ येऊन बसलं होतं. त्याचा आवाज माझ्या छातीत घुमत होता. माश्या डसत होत्या. आणि ताई, आमच्या दोन मिनिटं न बसणाऱ्या ताई, जागच्या हलल्या नाहीत! आयुष्यात मी असं काही पाहिलं नव्हतं. राखेत बसल्या बसल्या माझे हात आपोआप जोडले गेले.

हळूहळू माश्या वर गेल्या. ताईंनी पदर काढला. पोर गाढ झोपलेली, अंगावर डास चावल्याचीसुद्धा खूण नाही!

मी तशीच राखेनं भरलेली जाऊन त्यांच्या गळ्यात पडले. ओठ एव्हाना भज्याएवढा झाला होता. "ताई, तुम्ही म्हणाल ते नाव! वैष्णवी तर वैष्णवी!"

"आता कायले सांगून राह्यली? म्या कानात सांगूनबी टाकलं."

"कोणतं?"

"मेलिसा!" ताई कण्हत म्हणाल्या. "तिचं पुरं खानदान माह्या पाठीवर बसलं होतं वं. त्यायच्या देखत वैष्णवी म्हणाची हिंमत कोणात आहे? बह्याडबेलनी, रडू नको, काटे काढ पहिले!"

मेलिसा आता शाळेत जाते. येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाचा अर्थ सांगते, आत्याची गोष्ट सांगते. परवा तिनं मला विचारलं, "आई, तुह्या नावाचा अर्थ काय वं?"

भिंतीवर पाल होती. मी पलंगावर होते.

"तेही परदेशी नाव आहे, बेटा," मी म्हटलं. "अर्थ अजून सापडला नाही."