ज्याचा 'जी' नऊशे सत्तावन्न यायचा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या साऱ्या टापूत त्या काळी खोटं अजिबात न जमणारा माणूस एकच होता, आणि लबाडी केली म्हणून वर्ष गेलं तेही नेमकं त्याचंच. ती लबाडी माझी होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्याच्या गमती सांगण्याच्या भरात हे सांगायचं मी शेवटपर्यंत लांबवीन, आणि मग राहून जाईल. मी स्वतःला तेवढा ओळखतो.

तो माझा लॅब-पार्टनर. साठ-एकसष्ट साली आम्ही इंटर सायन्सला होतो. कॉलेज नवीन होतं, म्हशींच्या तबेल्यांना लागून. फिजिक्सच्या लॅबच्या खिडकीतून म्हशी दिसायच्या आणि सर एखादा नियम समजावून सांगण्यात रंगले की त्यांतली एखादी रेकायची. हजेरीपटात आमची नावं लागोपाठ होती, एवढ्याच कारणाने आमची जोडी लागली. तो वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. वडील आणि थोरला भाऊ होडीवर, आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायची, आणि घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. त्याला सायन्सला घालण्याचं कारणही मोठं अजब होतं. लहानपणी आई त्याला मदतीला बाजारात बसवायची. कोळणी मासे वाट्यावर विकतात. फळीवर सारखे दिसणारे वाटे मांडायचे आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं. हा शेजारी बसून गिऱ्हाइकाला सांगायचा की बाई, डावीकडचा घेऊ नका, त्यात तीन कोलंब्या कमी आहेत आणि तळाची एक कालची आहे. दोन दिवसांत आजूबाजूच्या कोळणींनी त्याच्या आईला हात जोडले. ही गोष्ट ती मला दर भेटीत सांगायची आणि शेवटी म्हणायची, "मी बोलले, याला शिकवा. बाजारात ठेवला तं धंदा बुडवंल, होडीवर ठेवला तं दर्याशी भांडंल. कालेजात कुनाचं काय बुडनार नाय."

कॉलेजात पहिल्या महिन्यातच त्याने मला बुडवलं. मला कँटीनमध्ये बसायचं होतं, म्हणून मी त्याला माझ्या नंबराला 'हजर' म्हणायची गळ घातली. सरांनी नंबर पुकारला तेव्हा हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, की सर, तो कॉलेजात आलाय पण वर्गात नाही, कँटीनमध्ये आहे. सरांचा गैरसमज होऊ नये म्हणून पुढे असंही म्हणाला, की येतो म्हणालाय, पण मला तसं वाटत नाही. मी नंतर त्याच्याशी कडाकडा भांडलो. "वाट लावलीस ना यार माझी," म्हटलं. तर तो शांतपणे म्हणाला, "तू हजर सांग म्हणालास. पण तू हजर कुठे होतास?"

त्याच कँटीनमधल्या बटाटेवड्यावर त्याने वर्षभर पाळत ठेवली होती. दर सोमवारी सुतळीने वड्याचा घेर मोजायचा आणि वहीत टिपायचा. जूनमध्ये घेर एकोणीस सेंटिमीटर होता, फेब्रुवारीत सोळा भरला. त्याने रीतसर ग्राफ काढला, तो घेऊन गल्ल्यापाशी गेला आणि कँटीनच्या मालकाला, अण्णांना, समजावून सांगितलं की ही रेघ अशीच उतरत गेली तर त्रेचाळीस महिन्यांत वडा नाहीसा होतो. यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. अण्णांना हे ठाऊक असावं एवढंच त्याला वाटत होतं. अण्णांनी ग्राफ आडवा-उभा धरून पाहिला आणि म्हणाले, "तब तक तो तू पास होके चला जाएगा ना?" पण पुढच्या सोमवारी वडा सतरा सेंटिमीटर भरला. कॉलेजात कोणत्याही युनियनला एवढं यश आलं नव्हतं.

आमच्या गोरेगावच्या घरी तो पहिल्यांदा आला तो एकादशीला. आईने साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, कशी झालीय रे. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. त्याने दोन घास विचारपूर्वक खाऊन सांगितलं की मीठ बेताचं आहे, पण दाणे खवट आहेत. आई उठून आत गेली. डब्यातले दाणे खाऊन पाहिल्याचा आवाज आला, मग डबा केरात रिकामा केल्याचा. तो गेल्यावर ती माझ्यावर उखडली, की महिनाभर खवट दाणे खातोयस, तुला जीभ नाही का? त्यानंतर आमच्याकडे कोणी पाहुणे यायचे असले की ती मला सांगायची, "त्या तुझ्या मित्राला जरा लवकर बोलाव, आमटी दाखवायची आहे."

त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. वेळ विचारली की तिथी आठवायचा, बोटांवर मोजायचा आणि सांगायचा की ओहोटी लागून घटकाभर झाली असेल, म्हणजे अकरा वाजून गेले. पाच-दहा मिनिटांच्या वर तो चुकल्याचं मला आठवत नाही. त्याचं स्वप्न एकच होतं, वेधशाळेत नोकरी. कोळीवाड्यात वादळाची सूचना पोचायची तेव्हा वादळ येऊन गेलेलं असायचं, नाहीतर सूचनेपायी होड्या दोन दिवस बांधून ठेवायच्या आणि समोर दर्या ताटलीसारखा सपाट. एका सूचनेवर भरवसा न ठेवता गेलेला त्याचा एक काका परत आला नव्हता. त्याबद्दल तो फार बोलत नसे. "आत जाऊन बघणार, मोजताना कुठे चुकतात ते," एवढंच म्हणायचा. त्यासाठी इंटर पास व्हायचं, मग बी.एस्सी. त्याचा सगळा मार्ग असा आखलेला होता आणि त्यात कुठे वळण नव्हतं.

आता लॅबबद्दल. साध्या लोलकाचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असेल. दोऱ्याला गोळी टांगायची, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर पाहायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा 'जी' काढायचा. आमच्या लॅबमध्ये 'जी' नऊशे अठ्ठ्याहत्तर यायचा. तबेल्यातल्या म्हशींना बसवलं असतं तरी तेवढाच आला असता, कारण सगळी मुलं पुस्तकातलं उत्तर आधी लिहून रीडिंग मागून भरत. याला आम्ही शिजवणं म्हणायचो. मी पहिल्या प्रतीचा आचारी होतो. गोळीला हातही न लावता दहा मिनिटांत टेबल भरायचो. तो मात्र तीन दुपारी झोके मोजत बसला आणि त्याचा 'जी' दर वेळी नऊशे सत्तावन्न आला. एक मीटरच्या दोऱ्याला वीस झोके माझ्या वहीत ४०.२ सेकंदांत होत होते, त्याच्या वहीत ४०.६ सेकंदांत. मग त्याला स्टॉपवॉचचा संशय आला. त्याने माझं मनगटी घड्याळ दोन दिवस घरी नेलं, शेजाऱ्यांच्या रेडिओशी ताडून पाहिलं आणि ते समोर ठेवून लॅबमध्ये अर्धा तास पापणी न हलवता बसला. स्टॉपवॉच अर्ध्या तासात वीस सेकंद पुढे गेलं. त्याने प्रयोगाच्या शेवटी जर्नलमध्ये व्यवस्थित टीप लिहिली, की स्टॉपवॉच जलद चालत असल्यामुळे 'जी' कमी आला आहे. त्या दिवशी तो इतका खुशीत होता की त्याने मला न मोजता वडा खाऊ दिला.

टर्म संपत आली. त्या दिवसांत कॉलेजात सगळ्यांची बोटं शाईने निळी असायची आणि जो तो कोणाचं तरी जर्नल काखेत मारून पळत असायचा. जर्नलवर सरांची सही नसेल तर टर्म ग्रँट नाही, आणि टर्म ग्रँट नाही तर परीक्षेला बसायचं नाही. नेमका शिमगा आला. वेसाव्याला शिमगा म्हणजे काय ते ज्याने पाहिलं असेल त्यालाच कळेल. त्या दिवसांत कोळीवाड्यातला माणूस घराबाहेर राहत नाही. त्याने आपलं जर्नल माझ्याकडे दिलं आणि माझ्याबरोबरच जमा करायला सांगितलं.

दुपारी घरी मी दोन्ही वह्या शेजारी उघडल्या. एकाच जोडीचा, एकाच लोलकावरचा एकच प्रयोग, आणि दोन वह्यांत दोन वेगळे 'जी'. सरांनी विचारलं असतं की यातलं खरं कोणाचं, तर उत्तर द्यायला तो होताच, आणि ते उत्तर काय असेल याबद्दल मला शंका नव्हती. मी अर्धं ब्लेड घेतलं. शाई हलक्या हाताने खरवडायची, वर नख घासायचं म्हणजे नवी शाई पसरत नाही, ही कला आम्हा सर्वांना येत होती. त्याच्या आठ रीडिंगांची मी चारचौघांसारखी रीडिंग केली, खालचं गणित बदललं, नऊशे अठ्ठ्याहत्तर लिहिलं आणि मनाशी म्हटलं, बिचाऱ्याला सही तरी मिळेल. हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं वापरलं.

मागच्या पानावरची ती टीप मी विसरलो.

चार दिवसांनी सरांनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं आणि ती टीप मोठ्याने वाचली. स्टॉपवॉच जलद असल्यामुळे 'जी' कमी आला आहे. मग पान उलटून वाचलं, 'जी' बरोबर नऊशे अठ्ठ्याहत्तर. वर्ग खोखो हसला. मीही हसलो. मग सरांनी ते पान उजेडाकडे धरलं, आणि ब्लेडने झिजलेल्या जागा मागच्या बाकापर्यंत दिसल्या. त्यांनी माझं जर्नल शेजारी धरून सांगितलं, की बघ, तुझ्याच जोडीदाराची वही कशी स्वच्छ आहे. मग विचारलं, "हे तू केलंस?"

"नाही, सर."

"मग कोणी केलं?"

"मला माहीत आहे, सर. पण सांगणार नाही."

त्या दोन्ही वाक्यांत एक अक्षर खोटं नव्हतं. सर म्हणाले, सांग, नाहीतर यंदाची परीक्षा विसर. तो उभाच राहिला. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. मी खिडकीबाहेर म्हशी पाहत होतो. किती म्हशी होत्या तेही आठवतं. नऊ.

बाहेर आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "मागची टीप राहिली." आणि आम्ही चहा प्यायला गेलो. मी त्यालाच माफी समजलो. तेच सोयीचं होतं.

त्याचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण तोवर भावाचं लग्न होऊन घर वेगळं झालं होतं, वडील थकले होते आणि पुढची तीन वर्षं शिकायला घरात सवड उरली नव्हती. वेधशाळा राहिली. मी बी.एस्सी. झालो, ऑफिसात चिकटलो, लग्न झालं, पोट सुटलं. आम्ही वर्षा-दोन वर्षांनी भेटायचो, हसायचो, वड्याचा विषय निघायचा. तो मरोळला एका वर्कशॉपमध्ये कारखान्यांची प्रेशर गेज तपासून देतो, हे कळलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, बघ, शेवटी मनासारखं काम मिळालं त्याला. तिला हे सांगायची काही गरज नव्हती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या एका शनिवारी मी अंधेरीच्या बाजारात गेलो. त्याची आई अजून फळीवर बसत होती. तिने मला ओळखलं, पिशवीत एक सुरमई न विचारता टाकली, घरची चौकशी केली. मग हात पुसत म्हणाली, "पोरा, तू तेच्या बाकावं बसायचास. तेची वही कुनी खराब केली ते अजून बोलत नाय. तेचा बाप मरेपरयंत इचारत व्हता. तुला ठाव हाय काय रं?"

मी म्हणालो, "नाही, मावशी."

ती मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी बाजाराबाहेर आलो आणि घराच्या बसमध्ये न चढता तशीच मासळीची पिशवी घेऊन मरोळची बस धरली.

तो एका गेजचा काटा भिंगातून पाहत होता. त्याने मला स्टूल दिलं, पिशवी पाहून हसला, आईकडून आलास ना म्हणाला. मी सुरुवात केली. तुला सही मिळावी म्हणून, असं म्हणालो. तू तिथे नव्हतास, मी घाबरलो होतो, आपण सगळेच तेव्हा तसं करायचो, असं बरंच म्हणालो. त्याने भिंग खाली ठेवलं. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, हे मला तेव्हाच दिसलं.

"हे आत्ता बसमध्ये जुळवलंस की तेव्हापासून आहे?" त्याने विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेव्हापासून, मी म्हणालो.

वर्कशॉपमध्ये कुठेतरी कानस चालत होती. मी पिशवी जमिनीवर ठेवली.

"माझं जर्नल पकडलं जाऊ नये म्हणून मी तुझं खरवडलं," मी म्हणालो. "सर विचारत होते तेव्हा मला उठता येत होतं, मी उठलो नाही. सगळे हसले तेव्हा मीही हसलो. आणि आज तुझ्या आईने विचारलं, तर तिच्याशी खोटं बोललो. तिला मी आत्ता जाऊन सांगतो. चुकलं माझं. मला माफ कर."