साडूंची लाल द्वादशी

आमच्या साडूंइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि ज्या कामाची ते सगळ्यात जास्त काळजी करतात ते काम त्यांना कोणी सांगितलेलंसुद्धा नाही. देवळाली प्रवरेला घर, जवळच्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी, पगार वेळेवर, तब्येत ठणठणीत, माझी मेव्हणी त्यांची बायको म्हणजे स्वयंपाकाचीही ददात नाही. तरी चेहरा कायम असा, की आत ऑपरेशन चाललंय आणि हे बाहेर बाकावर बसलेत. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात, परत येऊन ओढतात. गळीत हंगामात एकदा मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. पुढे उसाची ट्रॉली. रस्ता मोकळा, समोरून चिटपाखरू नाही, पण साडू ओव्हरटेक करायला तयार नाहीत. राहुरी जवळ येईपर्यंत आम्ही त्या ट्रॉलीच्या मागे उसाचा पाला खात चाललो होतो. शेवटी उसावर बसलेला गडी वैतागून ओरडला, "ओ सायेब, म्होरं जा की! आमाला वाटलं तुमी ऊस मोजताय!" साडूंनी त्याला हात जोडले आणि वेग आणखी कमी केला.

अशा माणसाने एखादी पोथी लावून घ्यावी, सकाळी चालायला जावं. यांनी काय करावं, तर इंटरनेटवरच्या एका कॅलेंडरच्या प्रकल्पाचा मराठी भाग सांभाळायला घेतला. हा प्रकार ओपन सोर्स म्हणतात त्यातला. म्हणजे प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडा, ज्याला येईल त्याने दुरुस्त करावा, पैसे कोणालाच मिळत नाहीत आणि बोलणी मात्र सगळ्यांना खावी लागतात. देशोदेशीची माणसं आपापले सणवार त्यात घालतात. आपल्या तिथी, एकादश्या, संकष्ट्या साडूंनी घातल्या. आता प्रोग्राम बरोबर चाललाय की नाही हे कळावं म्हणून त्याची टेस्ट घेतात. पोराची तोंडी परीक्षा घ्यावी तसं प्रोग्रामला विचारायचं, अमक्या वर्षी अक्षय्य तृतीया कधी? त्याचं उत्तर आपल्याजवळच्या उत्तराशी जुळलं तर हिरवी खूण, नाही जुळलं तर लाल. कोणी कुठेही एक ओळ बदलली की सगळ्या टेस्ट पुन्हा होतात, आणि एक जरी लाल झाली तरी बिल्ड पडतं, म्हणजे सगळ्याची मोट बांधून नवी आवृत्ती तयार व्हायची ती होत नाही. हे मला साडूंनीच समजावून सांगितलं. सांगताना त्यांचा चहा निवून गेला.

एखाद्याला वाटेल, सगळं हिरवं दिसलं की हा माणूस सुखाने झोपत असेल. छे! लाल दिसलं तर निदान दुखणं कुठे आहे ते कळतं. हिरवं दिसलं की साडूंचं डोकं उठतं. "दादा, सगळं हिरवं म्हणजे काहीतरी तपासायचंच राहिलंय," असं म्हणून ते आपल्याच हाताने प्रोग्राममध्ये मुद्दाम एक चूक करतात, लाल होतं का ते बघतात, आणि लाल झालं की समाधानाने चूक काढून टाकतात. एकदा फिनलंडमधल्या कोणाच्या तरी चुकीने बिल्ड पडलं, तर यांनी ब्राझीलच्या माणसाची माफी मागितली. का, तर त्या वेळी आपण जागे होतो आणि आपल्या लक्षात आलं नाही. पारनेरला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता हातात, आणि यांच्या खिशातला मोबाईल थरथरला. भटजींनी 'सावधान' म्हटलं की हे दचकून मोबाईल काढत. शेवटी कुठेतरी काहीतरी लाल झालेलं दिसलं असावं. यांच्या मुठीतल्या अक्षता एकदम सुटल्या, त्या पाहून मागच्या रांगेनेही टाकल्या, वाजंत्रीवाल्याने ताशावर काठी मारली आणि एक अख्खं मंगलाष्टक म्हणायचं राहून गेलं. लग्न लागलं हे खरं, पण नवरामुलगा अजून आमच्या साडूंकडे संशयाने बघतो.

हा सगळा पसारा यांनी ज्यांच्या जिवावर मांडला ते आमचे सासरे. राहात्याला त्यांची भिक्षुकी होती. पंचांग त्यांच्या बोटांच्या पेरांवर असे. साडू रविवारी राहात्याला जात, लॅपटॉप उघडून समोर बसत आणि विचारत, "अमक्या वर्षी गौरी कधी बसल्या?" सासरे डोळे मिटून पेरं मोजत आणि उत्तर देत. साडू ते टाईप करत. मराठी भागाच्या झाडून सगळ्या टेस्टमधली उत्तरं सासऱ्यांच्या तोंडची आहेत. मी मोठा जावई, बँकेत नोकरीला. मला त्या घरात मान भरपूर मिळाला, पण माझ्यासाठी सासऱ्यांनी कधी डोळे मिटून पेरं मोजली नाहीत. साडूंचा मला त्याबद्दल थोडा हेवा वाटायचा, आता सांगायला हरकत नाही.

गेल्या वर्षी सासरे गेले. साडू सबंध दिवस माणसांना खुर्च्या देत, पाणी देत हिंडत होते. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, आता विचारायचं कोणाला?" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

आणि यंदा अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना, जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. आमच्या सासुरवाडीचा रिवाज शुद्ध दशमीचा, आणि तसाच तो साडूंनी कॅलेंडरात घातलेला. नेमकी त्याची टेस्ट लाल झाली. विचारणा मागच्या अधिक महिन्याची होती. सासऱ्यांनी सांगितलेलं उत्तर होतं द्वादशी, आणि प्रोग्राम म्हणत होता दशमी. पूर्वी हे जुळायचं, कारण साडूंनी तेव्हा एक वळसा घातला होता: अधिक महिन्यात दशमी शुक्रवारी आली तर दोन दिवस पुढे जा. असं का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. सासरे चुकायचे नाहीत, म्हणजे आपलंच गणित कुठेतरी चुकतंय, एवढ्या विश्वासावर तो घातलेला. सासऱ्यांना 'का' म्हणून विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता. परदेशातल्या कोणी साफसफाई करताना ती ओळ पाहिली, निरर्थक म्हणून काढून टाकली, आणि द्वादशी लाल झाली.

साडूंनी वळसा परत घालायची विनंती पाठवली. प्रकल्प चालवणाऱ्यांनी सभ्यपणे विचारलं, शुक्रवारी दशमीला काय होतं? कारण द्या, ठेवतो. नवी आवृत्ती रविवारी संध्याकाळी निघणार होती. तोवर ही टेस्ट लालच राहिली तर मराठी भाग तूर्त बाजूला काढून ठेवू, असंही त्यांनी कळवलं.

झालं! साडूंचं अन्नपाणी तुटलं. शास्त्रात शुक्रवारचं काय वावडं आहे ते शोधायला त्यांनी जिल्ह्यातल्या दिसेल त्या भिक्षुकाला फोन लावला. कोणी म्हणालं, धोंड्याला कुठलाही दिवस चालतो. एक जण म्हणाले, "शुक्रवारी आंबट वर्ज्य असतं हो, दशमी नाही!" मेव्हणीने मला फोन केला, "भाऊजी, तुम्हीच काहीतरी सांगा त्यांना. ताट तसंच ठेवून उठतात." मी साडूंना म्हटलं, "एक शब्द तर बदलायचाय. द्वादशीची दशमी करा आणि मोकळे व्हा."  ते म्हणाले, "दादा, उत्तर त्यांनी सांगितलेलं आहे. ते मी खोडू? मग बाकीची तरी कशावरून खरी?" पुढची थट्टा मी आवरती घेतली.

रविवारी आम्ही दोघे मोटारसायकलवरून कोल्हारमार्गे राहात्याला निघालो. बायका आदल्या दिवशीच पुरण घालायला गेल्या होत्या.  सासूबाईंनी आमच्या पायांवर पाणी घातलं, पाट मांडले, रांगोळी काढली. साडू पाटावर बसले आणि त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला. माझी बायको डोळे वटारून बघत होती. ताटात धोंडे पडले, वर तूप पडलं, आणि साडूंचा हात काही ताटाकडे जाईना.

"जावईबापू, गोड झालं नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

साडूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी सगळं सांगितलं. वळसा, शुक्रवार, संध्याकाळची मुदत. सासूबाईंना टेस्ट किती कळली कोण जाणे, पण दशमी आणि द्वादशी पक्की कळली. त्या तूप वाढायचं थांबल्या.

"अहो, त्यात शास्त्र कसलं आलंय? मागच्या अधिकात दशमी शुक्रवारी आली. तुम्हाला कारखान्यात सुट्टी नाही, या थोरल्या जावयांना बँकेत नाही. हे म्हणाले, पोरं धावत येणार आणि धावत जाणार, घास नीट गिळायचा नाही त्यांना. रविवारी बोलाव. मी म्हटलं, अहो, पण दशमी? तर म्हणाले, देवाला कळतं, कारखान्याला कळत नाही."

साडू ऐकतच राहिले. "मग मला द्वादशी का सांगितली त्यांनी?"

"तुम्ही विचारलंत, मागच्या अधिकात धोंडे कोणत्या दिवशी झाले. द्वादशीलाच झाले की! आणि आज तरी कुठे दशमी आहे? आजही रविवारच धरलाय मी. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

मी साडूंकडे पाहिलं, साडूंनी माझ्याकडे. सगळ्या जगाला तिथी सांगणारा हा माणूस धोंड्याच्या पाटावर बसला होता आणि आज तिथी कोणती ते त्याने बघितलंच नव्हतं. माझी बायको हसायला लागली, मेव्हणी हसायला लागली, आणि मग साडूही हसले. हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. म्हणाले, "आणि मी शुक्रवारचा दोष शोधत होतो."

त्यांनी द्वादशीची दशमी केली. तो शब्द खोडताना त्यांचं बोट थोडा वेळ अडून राहिलेलं मी पाहिलं. शेजारी त्यांनी मराठीतच एक टीप लिहिली: 'सासऱ्यांनी द्वादशीला बोलावलं होतं, कारण आम्हाला रविवारची सुट्टी.' प्रकल्पातल्या कोणाला ती वाचता येणार होती देव जाणे, पण नंतर कोणी हरकत घेतली नाही. सगळ्या टेस्ट पुन्हा झाल्या आणि हिरवं आलं. आता हे मुद्दाम एक चूक करून बघणार म्हणून मी वाट पाहत होतो. साडूंनी लॅपटॉप मिटून पाटाखाली सरकवला आणि म्हणाले, "वाढा आई. तूप जास्त घाला." मग जे जेवले, की सासूबाईंना पुरण पुन्हा गरम करावं लागलं.

बायका राहात्यालाच राहिल्या. आम्ही दोघे उन्हं उतरल्यावर निघालो. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून दारापर्यंत आल्या होत्या. या खेपेला त्या फार थकलेल्या दिसल्या, हे मी बघितलं होतं आणि साडूंनीही बघितलं असणार. कोल्हारचा पूल ओलांडल्यावर त्यांनी गाडी हळू केली. माझ्या मनात आलं, आता कुलूप किंवा गॅस आठवला असेल.

"दादा," मान न वळवता ते म्हणाले, "पुढचा अधिक यायला अजून तीनेक वर्षं आहेत. तेव्हाही त्या आपल्याला रविवारी बोलावतील ना?"

एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. "बोलावतील," मी म्हणालो, आणि त्यांना ते खरं वाटावं म्हणून पुन्हा एकदा म्हणालो, "बोलावतील हो."