नानांचा इंग्रजी दम

सेफ्टीचे नाना इंग्रजीत फक्त तीन शब्द बोलत. "डोन्ट यू डेअर!" मी त्या कारखान्यात अकरा वर्षं टाइम ऑफिसात कारकून होतो. तेवढ्या काळात हे शब्द मी त्यांच्या तोंडून सात वेळा ऐकले. आठव्यांदा ऐकले ते कारखान्याबाहेर. हे आकडे मी अंदाजाने लिहीत नाही.

कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रसायनांचा. नाना दिघ्याला राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, सातवी पास. खाकी शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. टाकीत माणूस उतरवायचा तर परवानगी त्यांची. उतरणाऱ्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला टाकीच्या तोंडाशी खिळ्याला अडकवायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. खिळे रिकामे झाल्याशिवाय नाना जेवणाचा डबा उघडत नसत.

त्यांच्या दमाला पायऱ्या होत्या. पहिली, "बघ हां." दुसरी, "सांगून ठेवतो." बहुतेक माणसं दुसरीवरच सुधारत. इंग्रजी निघायचं ते माणूस अगदी काठावर उभा असेल तेव्हाच. एकदा मी विचारलं, "नाना, शेवटचं इंग्रजीत का?" ते म्हणाले, "कारकून, मराठीत दम दिला की माणूस वाद घालतो. हिंदीत दिला की उलटी शिवी देतो. इंग्रजीत दिला की क्षणभर थांबतो. मला तेवढाच क्षण पाहिजे असतो. पुढचं त्याचं तो ठरवतो."

मुंबई ऑफिसचे एक बडे साहेब सॉल्व्हंटच्या शेडपाशी सिगारेट काढून काडी ओढणार, तेवढ्यात नाना पिंपांमागून ओरडले. साहेबांच्या हातातून काडेपेटीच पडली. दुसऱ्या दिवशी नानांना वर बोलावलं. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय झालं? "काय व्हायचंय? उद्धट बोललो म्हणाले. मी सांगितलं, शेवटी 'सर' म्हटलं होतं."

कँटीनमध्ये पोरं त्यांची नक्कल करत. शेवटच्या भजीला कुणी हात घातला की सगळे एकदम, "डोन्ट यू डेअर!" नानांनी हे एकदा ऐकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चेष्टेत वापरू नका रे. झिजतं ते."

ते शब्द त्यांना मुंबईच्या गोदीत मिळाले होते. तरुणपणी ते तिथे हमाल होते. एका बोटीच्या पोटात एक जण उतरला तो वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा. "चौथा मी होतो," नाना म्हणाले. "बोटीवरचा गोरा अधिकारी हे ओरडला. अर्थ कळला नाही, पण पाय थांबला." एवढं सांगून त्यांनी डबा बंद केला.

आता हसुरामबद्दल. कोपरखैरणे गावात मी त्याच्याच घरी भाड्याने खोली घेतली होती. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि हसुराम कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागला. त्याची आय मला त्याच्याबरोबरच जेवायला वाढायची. कारखान्यात दरवर्षी नाना सगळ्यांना बसवून नियम सांगत: टाकीत कुणी पडला तर त्याच्या मागे उतरायचं नाही, हवेच्या सिलिंडरचा मास्क आणायला पळायचं. हसुरामला हे पटत नसे. "म्हंजे मानूस मरतं नं आपुन बघत बसाचा? खाडीत कोन बुरला तं आमी इचारत नाय नाना, उडी मारतो."

"खाडीत तुला हवा कुठे संपते ते दिसतं," नाना म्हणाले. "टाकीत दिसत नाही. तू उडी मारलीस तर मला दोन बिल्ले काढावे लागतील."

"तं काढा!" हसुराम हसला. सगळेच हसले.

आणीबाणीच्या आगेमागे, जेवणाच्या सुट्टीत ते घडलं. टाकीत नायट्रोजन भरून ठेवला होता. त्याला वास नसतो, रंग नसतो. वरचं झाकण उघडं होतं आणि हसुरामच्या हातून पाना आत पडला. पाना हरवला तर फिटर बोलेल म्हणून तो परवानगीशिवाय, बिल्ला न अडकवता शिडीने उतरला. मी हजेरीचं कार्ड घेऊन त्यालाच शोधत वर चढलो होतो. आत डोकावलो तर तो तळाशी उताणा पडलेला. त्याचा उजवा हात हलला. मी मोजलं नाही, पण नंतर आठवलं तेव्हा ते तीन वेळा होतं. मी एक पाय आत टाकला.

"डोन्ट यू डेअर!"

नाना खाली, पंधरा-वीस पावलांवर होते. माझा पाय थांबला. दुसऱ्या क्षणी ते वर होते आणि माझी कॉलर त्यांच्या मुठीत. आत एकदा पाहून त्यांनी मला मागे ढकललं. "पळ. मास्क." मास्क गेटजवळच्या कपाटात होता. दोनशे दहा पावलं जायला, तेवढीच यायला. हे मी पुढे कित्येकदा मोजलं आहे. मास्क लावून नाना स्वतः उतरले आणि दोरीने हसुरामला वर काढलं. तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशा हवेत दोन श्वास पुरतात. म्हणजे मी उतरलो असतो तर शिडीच्या अर्ध्यावर पडलो असतो. हिशेब बरोबर आहे. त्यात चूक मला आजही सापडत नाही.

चौकशीत नानांनी लिहून दिलं: मी पाहिलं तेव्हा आत काहीही हालचाल नव्हती. संध्याकाळी ते माझ्याबरोबर हसुरामच्या अंगणात आले. आयने माझे खांदे धरले. "तू व्हतास ना तिथं? माजा पोर हलत व्हता का?" मी तोंड उघडायच्या आत नाना पुढे झाले. "नाही आई. आधीच गेला होता. हा उतरत होता, ह्याला मी अडवला. जे बोलायचं ते मला बोला." ती बोलली. गावातल्या बायका तिला आवरेपर्यंत बोलली. नाना खाली मान घालून उभे राहिले.

त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी ते तिच्या अंगणात येऊन थोडा वेळ बसत. पहिली पाच वर्षं तिने पाणीही विचारलं नाही. सहाव्या वर्षी तांब्या आणून बाजूला ठेवला. माझं लग्न झालं, वाशीला घर झालं, तरी तिच्याकडे माझं जाणं सुटलं नाही. दर वेळी ती विचारायची, "हलत नव्हता ना रं?" मी नाही म्हणायचो. नानांनी तसं लिहून दिलं होतं. हात हलला हे मला भासलं असेल, असं मी स्वतःला सांगत असे. पण भास दर वेळी तीनदाच कसा हलतो?

नाना निवृत्त झाले आणि काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला लागले. दिघ्याच्या खोलीत मी दुपारी भेटायला गेलो. सून चहा करायला आत गेली तेव्हा मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी हसुरामचा हात..."

"उजवा," ते म्हणाले. डोळे मिटलेले होते. "तीन वेळा."

मी म्हणालो, "तुम्ही तर लिहून दिलंत..."

"तुला आयुष्य काढायचं होतं. तिलाही."

"मी आयला सांगून टाकतो नाना. मला आता झेपत नाही."

त्यांनी डोळे उघडले. आवाज राहिला नव्हता, नुसती हवा होती. तरी माझी कॉलर कुणीतरी धरल्यासारखी वाटली.

"डोन्ट यू डेअर."

तो आठवा. महिन्याभरात नाना गेले.

आय अजून आहे. गेल्या रविवारी गेलो होतो. तिला आता नीट दिसत नाही. माझा हात चाचपून तिने बसवून घेतलं आणि तेच विचारलं. तिच्या हाताखाली माझा उजवा हात होता. मी तो हलू दिला नाही.

"नाही आय," मी म्हणालो. "हलत नव्हता."