परांचीची भोकं

फळ्यांना लावायच्या तेलाचा तो जड, कडवट वास आला, की मी थांबतो. वाटत काहीच नाही; पाय तेवढे थांबतात. आजही थांबलो. दुबईतल्या करामातल्या ऑफिसातून निघून शारजाची बस पकडायची होती, आणि मागच्या गल्लीत एका नव्या इमारतीचं सेंटरिंग उतरवत होते. एकेक फळी खाली येत होती आणि स्लॅबचं राखाडी, ओलसर पोट उघडं पडत होतं. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाआधीच्या ट्रेनिंगसाठी मी इथे आलोय. त्या फळ्यांशी माझं काही काम नाही. पण माझ्या पप्पांनी याच देशात एकवीस वर्षं अशा फळ्या ठोकल्या आणि उतरवल्या.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी व्हिजिट व्हिसावर त्यांच्याकडे आलो होतो. वास्तुकलेच्या इतिहासात नापास झालो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे हे सांगायचं कसं, याचीही कुणाला सवय नव्हती. रोमनेस्क शैलीतल्या एका जुन्या चर्चची ड्रॉइंग्ज पुन्हा करून दिली आणि तोंडी परीक्षा पास झालो, तर वर्ष वाचणार होतं. वर्गातल्या काहींनी तसली चर्चेस सुट्टीत जाऊन पाहिली होती. माझ्याकडे झेरॉक्स होत्या. कॉलेज सोडायचं, असं मी ठरवूनच आलो होतो. शारजाच्या पलीकडे उम्म अल कुवैनला एका कॉन्ट्रॅक्टरकडे नकाशांच्या ट्रेसिंगला माणूस हवा होता. वाईट वाटायला हवं होतं, पण आत सगळं बधिर होतं, दाढ काढल्यावर गाल असतो तसं.

ते चर्च फ्रान्समधल्या एका खेड्यातलं. आधीच्या काळात छपरं लाकडाची असत आणि जळून जात. म्हणून तिथल्या लोकांनी छतही दगडाचं करायचं ठरवलं. नळ्यासारखं अर्धगोल, लांबलचक छत. त्याचं ओझं नुसतं खाली येत नाही, भिंतींना बाहेरही ढकलतं. म्हणून भिंती दोन-दोन हात जाड आणि खिडक्या जपून, अगदी लहान. आत कायमची संध्याकाळ असावी. आम्ही वसईचे ख्रिस्ती, चर्चला घरात देऊळच म्हणतो. शारजातलं आमचं शुक्रवारच्या सुट्टीतलं देऊळ ट्यूबलाइटचं आणि एसीचं होतं, बाहेरून एखाद्या शाळेसारखं. तिथे बसून मी त्या अंधाराची कल्पना करायचो, आणि तीही धड जमायची नाही.

पप्पांच्या खोलीत सहा माणसं होती. रत्नागिरीचे एक काका मला आल्या दिवसापासून इंजिनिअर म्हणत. “हजार वर्षं जुनं?” त्यांनी ड्रॉइंग बघून विचारलं. “आमच्या बाथरूमचा नळ दोन वर्षं टिकत नाही, हबीबी. तो कॉन्ट्रॅक्टर शोध.” सगळे हसले. पप्पा मात्र हसले नाहीत. ते एकदा झेरॉक्सकडे बघत होते, एकदा माझ्या कागदाकडे.

“भोकं कुठे गेली?” ते म्हणाले.

फोटोतल्या भिंतीवर लहान चौकोनी भोकं होती. काळाने झालेली पडझड समजून मी ती गाळली होती. दगड नीट, गुळगुळीत काढले होते. तसं मी सांगितलं.

“पडझड अशी ओळीत होते का? सारख्या अंतरावर?” त्यांनी बोट ठेवलं. “इथे परांचीची लाकडं खोचली होती. भिंत चढेल तशी परांची चढली. आमची माणसं उभी होती इथे, बाळा. बुजवलीस कशाला?”

का कोण जाणे, मी तेव्हाच सांगून टाकलं. नापास झालोय, कॉलेज सोडतोय, उम्म अल कुवैनला जातोय. पप्पांनी मान वर केली नाही.

“आधी भोकं काढ,” ते म्हणाले.

पुढचे तीन शुक्रवार ते माझ्याशेजारी बसले. भोकांच्या ओळी मोजून भिंत किती टप्प्यांत उठली ते त्यांनी सांगितलं. कमान आधी लाकडावर बसवली असेल, आणि चुन्याचा मसाला सुकल्यावर लाकडाखालच्या पाचरी दोन्ही बाजूंनी थोड्याथोड्या सैल केल्या असतील. एकदम काढलं तर कमान दचकते, म्हणाले. माझ्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. मी सगळं काढलं, लिहिलं, आणि कॉलेजला परत गेलो.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक सर होते. ते त्या भोकांपाशी थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग अगदी मायेने म्हणाले, “हे तुला कुणी दाखवलं?”

“लायब्ररीत वाचलं, सर,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि मला पास केलं.

त्या रात्री पप्पांनी फोनवर पहिलं तेच विचारलं, भोकांचं काय झालं. सरांना आवडली, मी म्हणालो. कुणी दाखवलं म्हणून विचारत होते. “मग?” पप्पा म्हणाले. तुमचं नाव सांगितलं, मी म्हणालो. ते हिंदीत खोलीला सांगत असलेलं मला ऐकू येत राहिलं.

आता ते वसईला असतात. गुडघे गेलेत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ही गोष्ट सांगतात, आणि आई म्हणते, सांगताना ताठ बसतात. मी खरं सांगायचं ठरवतो आणि न सांगताच फोन ठेवतो. त्यात आता धैर्याचा प्रश्न उरलाय की दयेचा, हेही मला नीट कळत नाही. ते चर्च बांधणाऱ्यांची नावं कुणी विचारली नाहीत. इतका काळ गेलाय, की त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. माझ्या पप्पांचं नाव मात्र विचारलं गेलं होतं. एका शांत खोलीत, एका भल्या माणसाने विचारलं होतं, आणि ते नाव मला पाठ होतं.